चला पुण्याला, सावित्रीबाईंच्या वाटेने



सहल म्हटली की आमच्या गटांत तीनच नावं निघतात. पंढरपूर, तुळजापूर नाहीतर आळंदी. देवाला जायचं म्हटलं की घरचे शिदोरी बांधून देतात. नुसतं गाव बघायला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, तिथं तुमचं काय काम आहे?

गेल्या वर्षी आषाढाच्या बैठकीत मात्र एकीने पुण्याचं नाव काढलं. तिच्या लेकीने ३ जानेवारीला शाळेत सावित्रीबाई फुल्यांवर भाषण केलं होतं. घरी येऊन तिने आईला विचारलं, "ती शाळा तू बघितलीस का?" आईने नाही म्हटलं. मग तिने तोच प्रश्न बैठकीत आम्हाला विचारला. आम्ही चौदाजणी होतो. एकीनेही बघितली नव्हती.

गटातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या मावशी म्हणाल्या, "शाळा बघायला कुणी पुण्याला जातं का? आणि तिथं बघायला आहे तरी काय?" हा प्रश्न आम्ही वहीत लिहून ठेवला. सहलीची सगळी आखणी पुढे त्याच प्रश्नाभोवती झाली. ती कशी केली आणि त्यातून कोणता इतिहास हाती आला, ते आज सांगतो. तुमच्या गटालाही त्याचा उपयोग होईल.

आधी घरच्यांचं. दोघींच्या घरून नकार आला. बायकांनी रात्रभर परगावी राहायचं म्हणजे काय, असं म्हणणं होतं. तेव्हा आम्हाला एक जुनी हकिकत कामाला आली. बाजीराव पेशव्यांच्या आई राधाबाई १७३५ साली पुण्याहून उत्तरेच्या यात्रेला निघाल्या. उदेपूर, जयपूर करत काशीपर्यंत गेल्या आणि वर्षाहून जास्त काळाने परतल्या. वाटेतल्या राजांनी त्यांचा मानपान केला. त्यांच्याबरोबर लवाजमा होता, हे खरं. पण त्या काळी, रस्ते नसताना एक विधवा बाई एवढा मुलूख फिरून आली. आम्ही तर एसटीने एका रात्रीपुरतं जाणार होतो. एकीच्या सासूबाईंनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "मग मलाच न्या." त्यांनाही नेलं. झालो पंधराजणी.

मग पैशाचं. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, असा आधी ठराव केला. तो पैसा कर्जाऊ द्यायचा असतो, फिरायचा नव्हे. वेगळा डबा ठेवला. महिन्याला प्रत्येकीचे शंभर रुपये, सहा महिने. म्हणजे माणशी सहाशे झाले. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर तिकीटच नाही. सासूबाईंचा प्रवास फुकट झाला आणि त्यांनी तो गावभर सांगितला. मुक्काम एकीच्या नणंदेच्या सोसायटीच्या हॉलमध्ये केला. अंथरूण आमचं, पहिल्या दिवसाच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणीही आमचीच.

दिवस ठरवताना एक गोष्ट लक्षात घेतली. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती असते, फुलेवाड्यावर गर्दी होते. तिथं नीट उभं राहायचं असेल तर साधा दिवस बरा. संक्रांतीच्या अलीकडचे दोन दिवस धरले. तूर काढून झाली होती, ज्वारी हुरड्यात होती. घरून निघायला तेवढी फट पुरेशी होती.

आता काय बघायचं? पहिल्या यादीत सतरा ठिकाणं आली. नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेसही होता. तिथं १९४४ साली कस्तुरबा गांधींनी नजरकैदेत देह ठेवला, त्यांची समाधी आहे. ते ठिकाण जुन्या शहरापासून दूर पडतं, म्हणून फार जड मनाने पुढच्या खेपेला ठेवलं. सगळं बघायचं म्हटलं की निम्मा वेळ गाडीतच जातो. जुनं पुणं पेठांचं आहे आणि पेठा एकमेकींना चिकटून आहेत. कसबा, शनिवार, बुधवार, शुक्रवार, गंज अशा पेठा पायी फिरून होतात. म्हणून ठरलं की पायीच फिरायचं, दिवसाला पाच-सहा किलोमीटर.

चालायची तयारी करा म्हटल्यावर सगळ्या हसल्या. दिवसभर खुरपणाऱ्या बाईला चालायला काय शिकवता, म्हणाल्या. पण डांबरी रस्त्यावर चालताना पायाला फोड येतात ते चपलेमुळे. आम्ही दोन आठवडे रोज संध्याकाळी त्याच चपला घालून मारुतीच्या देवळापासून फाट्यापर्यंत जाऊन आलो. दोघींच्या चपला बदलाव्या लागल्या. गुडघे दुखणाऱ्या दोघींसाठी दर अर्ध्या तासाला बसायची जागा कागदावर लिहून ठेवली. स्वच्छतागृहं कुठे आहेत तेही लिहिलं. हे लिहायला लाजू नका. याच एका कारणाने बायका सहलीत पाणी पीत नाहीत आणि मग आजारी पडतात.

आखणीतलं सगळ्यांत महत्त्वाचं काम मात्र वेगळंच होतं. प्रत्येक ठिकाण दोघीदोघींना वाटून दिलं. त्या ठिकाणाची गोष्ट त्यांनी शोधायची, मुलांच्या पुस्तकातून, शाळेच्या बाईंकडून, ग्रामपंचायतीच्या वाचनालयातून. बैठकीत आधी आम्हाला सांगायची आणि तिथं गेल्यावर उभं राहून पुन्हा सांगायची. मावशींना भिडेवाडा मिळाला. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. त्यांनी नातीकडून पाच वेळा वाचून घेतलं आणि तोंडपाठ केलं.

पहिला दिवस. स्वारगेटला उतरून आम्ही कसब्यात गेलो. हे पुण्याचं सगळ्यांत जुनं ठाणं. १६३० च्या सुमारास आदिलशाही फौजेने पुणं जाळलं आणि तिथं गाढवाचा नांगर फिरवला. म्हणजे इथं पुन्हा वस्ती होऊ नये, अशी ती दहशत होती. पुढे जिजाऊ बाल शिवबांना घेऊन इथं आल्या. त्यांनी सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवून ती दहशत मोडली, असं परंपरा सांगते. कसबा गणपतीच्या देवळाशीही त्यांचं नाव जोडलेलं आहे. शेजारी लाल महाल. मूळ महाल काळाच्या ओघात गेला, आजची वास्तू महापालिकेने नंतर बांधलेली आहे. १६६३ च्या एप्रिलमध्ये शिवाजी महाराजांनी शाहिस्तेखानावर रात्री छापा घातला, तो इथल्याच लाल महालात.

आमच्यातली एकजण तिथं म्हणाली, "छाप्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण पळून गेलेली माणसं परत आणून शेती उभी करायची, बी-बियाणं, बैल, पाणी बघायचं, हे किती वर्षांचं काम असेल!" नांगराची गोष्ट आम्हाला जवळची वाटली ती यामुळे. दुष्काळानंतर घर पुन्हा उभं करणं म्हणजे काय, ते आम्हाला माहीत आहे.

तिथून शनिवारवाडा काही मिनिटांवर. पहिल्या बाजीरावांनी १७३० च्या जानेवारीत पाया घातला आणि दोन वर्षांत वास्तुशांत झाली. दिल्ली दरवाजावर हत्तींनी धडक देऊ नये म्हणून अणकुचीदार खिळे आहेत. आत गेल्यावर पायऱ्या, जोती, कारंज्यांचे हौद आणि हिरवळ. वाडा कुठे आहे, असं एकीने विचारलंच. १८२८ च्या आगीत आतला लाकडी वाडा जळून गेला. राहिले ते तट, दरवाजे आणि जोती.

या वाड्यातल्या बायका आपल्याला कशा ठाऊक आहेत? थोरल्या माधवरावांच्या पत्नी रमाबाई थेऊरला १७७२ साली सती गेल्या. मस्तानीचं नाव एका दरवाजाला राहिलं. आणि आनंदीबाई. १७७३ मध्ये कोवळ्या नारायणराव पेशव्यांचा इथं खून झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी दोष ठेवला तो राघोबादादांवर, पण लोकांच्या तोंडी गोष्ट राहिली ती आनंदीबाईंची, 'ध'चा 'मा' केल्याची. बघा मैत्रिणींनो, या वाड्यातल्या लिहिता येणाऱ्या बाईची घरोघर सांगितली जाणारी एकच गोष्ट आणि ती अशी, की तिने एक अक्षर बदललं आणि माणूस मेला. पुढच्या शतकातही बाई शिकली तर घराचा घात होतो, नवरा मरतो, असं लोक उघड म्हणत. हे मनात ठेवा. दुसऱ्या दिवशी आम्ही ज्या वाटेने गेलो, तिथं याचाच सामना आहे.

भाकरी खाऊन दुपारी विश्रामबागवाड्याकडे गेलो. दुसऱ्या बाजीरावांनी बांधलेला, लाकडी कोरीव खांबांचा हा वाडा. पेशवाई १८१८ मध्ये संपली. १८२१ साली इंग्रज सरकारने इथं संस्कृत पाठशाळा काढली. शिकणारे सगळे मुलगे आणि तेही ब्राह्मण. पुढची सत्तावीस वर्षं मुलींचा विचार झाला नाही. आणि १८५२ च्या नोव्हेंबरात याच वाड्यात सरकारने जोतीराव फुल्यांचा शालजोडी देऊन सत्कार केला. कशासाठी? मुलींच्या शाळा काढल्याबद्दल. हे सांगून झालं तेव्हा गटातल्या दोघी त्या दारातच थोडा वेळ उभ्या राहिल्या.

संध्याकाळी राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर केळकरांनी लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने ते उभं केलं. तिथं आम्हाला बाहेर काढणं मुश्कील झालं. अडकित्ते, किती प्रकारचे! दिवे, समया, शेवया पाडायचे साचे, किसण्या, वज्री, पाळणे, फणी-करंडे. राजवाड्यात आम्ही गप्प होतो, इथं सगळ्या एकदम बोलायला लागल्या. "असली वज्री माझ्या आजेसासूची होती, मोडीत दिली." या वस्तू वापरणाऱ्या बायकांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. पण हाताने झिजलेली मूठ दिसते. घरी गेल्यावर जुनं भांडं मोडीत टाकण्याआधी ते कुणाचं होतं हे तरी लिहून ठेवायचं, असं त्या रात्री ठरलं.

दुसरा दिवस. सकाळी सातला गंज पेठेत फुलेवाडा. छोटं, बसकं घर, अंगण, जोतीरावांची समाधी. आणि हौद. तो या सगळ्या सहलीचा मध्य होता, असं आम्ही म्हणू.

पुण्याच्या पाण्याची गोष्ट थोडी सांगावी लागेल. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथून जमिनीखालच्या दगडी नळाने पाणी शहरात आणलं. ठिकठिकाणी हौद होते, त्यांत ते पडायचं. फार हुशारीचं काम. ना पंप, ना वीज, नुसत्या उतारावर पाणी चालायचं. पण त्या हौदांवर सगळ्यांना घागर भरता येत नव्हती. ज्यांना अस्पृश्य म्हणत त्यांनी पाण्याला हात लावायचा नाही, कुणी वाढेल तेव्हा घ्यायचं. १८६८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी आपल्या घरचा हौद या लोकांसाठी खुला केला. आमच्या गटात सगळ्या समाजांच्या बायका आहेत. आमच्या गावातही दोन पाणवठे होते, ते आमच्यातल्या काहींनी लहानपणी पाहिलेत. हौदाशी कुणी काही बोललं नाही. मग सासूबाईंनी आपल्या बाटलीतलं पाणी सगळ्यांना दिलं, एकाच बाटलीतून.

या दोघांनी १८६३ साली आणखी एक घर उघडलं. फसवल्या गेलेल्या विधवांना तिथं गुपचूप बाळंत होता यावं आणि मूल जगावं म्हणून. तशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला. १८९० मध्ये जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनी धरलं. आणि १८९७ च्या मार्चमध्ये, प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने त्या गेल्या.

गंज पेठेतून आम्ही बुधवार पेठेकडे निघालो. आज रस्ते बदललेत, पण पेठा त्याच आहेत. याच पेठांतून सावित्रीबाई शाळेत शिकवायला जात. लोक अंगावर शेण, चिखल, खडे टाकत, म्हणून त्या जादा लुगडं बरोबर नेत आणि शाळेत गेल्यावर बदलत. १८४९ मध्ये सासऱ्यांचं घरही सोडावं लागलं, शिकवणं थांबवणार नाही म्हटल्यामुळे. १८५६ च्या एका पत्रात त्यांनी फातिमा या आपल्या सोबतिणीची काळजी केली आहे. म्हणजे या कामात त्या एकट्या नव्हत्या.

वाटेत मंडई लागते. अष्टकोनी, मनोऱ्याची दगडी इमारत, १८८६ ची. आधी तिला इंग्रज गव्हर्नरचं नाव होतं, रे मार्केट. आज ती महात्मा फुले मंडई आहे. आमच्या भाजीवाल्या मैत्रिणीने तिथं दर विचारले, वांगी आपल्याकडची चांगली असा निकाल दिला आणि आम्ही पुढे निघालो.

भिडेवाडा दगडूशेठ गणपतीच्या समोर. १८४८ साली या वाड्यात मुलींची शाळा भरली. सावित्रीबाईंचं वय तेव्हा सतरा. वाडा पुढे मोडकळीला आला, जागेचा खटला वर्षानुवर्षं चालला आणि २०२३ च्या डिसेंबरात वाडा पाडला. तिथं आता स्मारक व्हायचं आहे. आम्ही गेलो तेव्हा समोर पत्रे लावलेले होते. त्यापलीकडे काही दिसत नव्हतं.

आषाढाच्या बैठकीतला मावशींचा प्रश्न आम्हा सगळ्यांना एकदम आठवला. तिथं बघायला आहे तरी काय? खरंच काही नव्हतं. पेशव्यांचा वाडा जळाला तरी त्याचे तट राहिले, तिकीट काढून बघता येतात. लाल महाल पुन्हा बांधला गेला. पण आपल्या मुली ज्या खोलीत पहिल्यांदा पाटी घेऊन बसल्या, ती खोली राहिली नाही.

मावशी पत्र्यांकडे पाठ करून उभ्या राहिल्या. पदर खोचला. म्हणाल्या, "बघायला काही नाही ना, मग ऐका." आणि त्यांनी सगळं सांगितलं. साल, पेठ, शेणाचे गोळे, जादा लुगडं. मुक्ता साळवेचंही सांगितलं. फुल्यांच्या शाळेत शिकलेली मातंग समाजाची ती मुलगी. १८५५ साली तिने आपल्या लोकांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. शाळा निघून पुरती दहा वर्षंही झाली नव्हती. 'ध'चा 'मा' झाला तर माणूस मरतो म्हणणाऱ्या शहरात एक पोर अक्षरं जोडून विचारत होती की आमच्या वाट्याला हे का? दर्शनाच्या रांगेतल्या चार-पाच बायका इकडे येऊन ऐकत थांबल्या. एकीने विचारलं, तुम्ही शिक्षिका का? मावशी म्हणाल्या, "नाही बाई, मी कधी शाळेत गेले नाही."

तिथून लक्ष्मी रस्त्याने हुजूरपागेपर्यंत गेलो. पेशव्यांचे घोडे जिथे बांधत ती ही पागा. १८८४ साली तिथं मुलींचं हायस्कूल निघालं, ते आजही चालू आहे. आम्ही फाटकाबाहेरच उभ्या राहिलो. मधली सुट्टी झाली आणि आतून पोरींचा गलका आला. मग तुळशीबागेत तासभर खरेदी, कुणी बांगड्या, कुणी गाळणी. मंडईपासून स्वारगेटपर्यंत आता जमिनीखालून मेट्रो आहे. सासूबाई सरकत्या जिन्यावर आधी घाबरल्या, मग उतरायला तयार होईनात. रात्री दहाला घरी.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गटाची सहल आखताना आमच्या चुकाही लक्षात ठेवा. आम्ही पहिल्या दिवशी एक ठिकाण जास्त घेतलं, दुपारी सगळ्या थकल्या. संग्रहालयाला दोन तास हवेत, आम्ही एकच ठेवला होता. तिकीट, वेळ आणि सुट्टीचा दिवस निघण्याआधी फोनवर विचारून घ्या. आणि ठिकाणं वाटून द्यायला विसरू नका. ज्या बाईला वाचता येत नाही तिला सगळ्यांत अवघड ठिकाण द्या.

पुणं लांब पडत असेल तर आपल्या तालुक्याचं गाव घ्या. तिथं मुलींची पहिली शाळा कुठे भरली, कोणता पाणवठा कधी सगळ्यांना खुला झाला, ते विचारा. सांगणाऱ्या आजी अजून आहेत, त्या असताना विचारा. आमच्या गटाचं पुढच्या महिन्याचं काम तेच आहे. मावशींनी पहिलं नाव सांगितलंय, गावातून पहिल्यांदा सातवी झालेल्या बाईचं. ती बाई माहेरी पलीकडच्या आळीत राहते. येत्या रविवारी आम्ही तिच्याकडे चालत जाणार आहोत.